विरजण घेऊन सातारा, सांगली आणि वाई

स्टँडवर माझ्याही आधी कोण आलं म्हणाल, तर पारू. माझी धाकटी जाऊ. माघापासून माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती, आणि श्रावणात साताऱ्याला निघायच्या सोमवारी सकाळी पावणेसहाला मी इस्लामपूरच्या स्टँडवर जाऊन बघते तर ही बाई इस्त्रीचं लुगडं नेसून, पिशवी मांडीवर घेऊन बाकाच्या बरोबर मधोमध बसलेली. म्हणजे दुसऱ्या कुणाला टेकायचं असेल तर तिला "सरक" म्हणायला पाहिजे. मी नाही म्हटलं. उभी राहिले. गुडघे दुखले तरी उभी राहिले.

भांडण कशाचं, तर चमचाभर विरजणाचं. माघात तिच्या मांजरानं दह्याचं पातेलं लवंडलं. दुसऱ्या दिवशी तिच्या लेकीला बघायला पाहुणे येणार होते, म्हणून ती माझ्याकडं विरजण मागायला आली. पण आली कधी? मी देवापाशी वात लावत होते तेव्हा. दिवेलागणीनंतर दूध, दही, मीठ उंबऱ्याबाहेर द्यायचं नाही, हे मी आईच्या घरी शिकले, सासूच्या घरी पाळलं. म्हटलं, "सकाळी ये गं, उजाडल्यावर कळशीभर ने." ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आक्का, तुमचं तुमाला." आणि गेली. तेव्हापासून बंदच.

आता तुम्ही म्हणाल, विरजणाचं एवढं काय, दुकानात दह्याची कपं मिळतात. मिळतात. पण माझं विरजण माझ्या आईचं आहे. वाईजवळच्या माझ्या माहेरातनं लग्नात मी जे आणलं त्यातली भांडी फुटली, साड्या फाटल्या, पाटल्या मोडून विहिरीवर मोटर बसवली. विरजण तेवढं रोजच्या रोज लागत राहिलं. आज लावलेलं उद्याचं विरजण, उद्याचं परवाचं. आई जाऊन कितीतरी वर्षं झाली, दही तिचंच खातो.

आणि त्याच विरजणाला आषाढापासून तार सुटायला लागली होती. चमचा वर उचलला की दह्याचा दोरा यायचा, चिकट. सून मनीषा म्हणाली, "आत्या, टाकून द्या, मी डेरीतलं आणते." (आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात.) ती वाईट बोलत नाही, पोर सरळ आहे, पण मी पातेलं माझ्याकडं ओढून घेतलं.

त्याच आठवड्यात मेधाताई आमच्या बचत गटात आल्या. डोळ्यांना न दिसणारे जीव असतात ना, त्यांचा अभ्यास करणाऱ्या लोकांचं एक मंडळ आहे, त्याच्या त्या चिटणीस. कुणी कॉलेजातले, कुणी निवृत्त, एक तर दातांचे डॉक्टर. पगारबिगार काही नाही, हौस. त्यांनी मंडळाच्या वर्षभराच्या तारखांचा छापील कागद आणला होता, भिंतीला लावायचा. पावसाळ्यात साताऱ्याला दोन दिवसांचा वर्ग, थंडीत सांगलीला प्रदर्शन, फाल्गुनात वाईला परिषद. म्हणाल्या, "सूक्ष्मदर्शक बघायला या, घरातलं काहीही घेऊन या, माती, लोणचं, दही." दही म्हटल्यावर मी नाव दिलं. पारूनं का दिलं, ते तिलाच ठाऊक.

आमचे सुभेदार, म्हणजे आमचे मालक, फौजेतून आलेले. त्यांनी फर्मान सोडलं, "टाइमपे निकलो, टाइमपे आओ." बाकी काही नाही.

जाणाऱ्यांसाठी सांगते. इस्लामपुरातून साताऱ्याला सकाळची स्वारगेटची गाडी धरा. पेठ नाक्याला हायवे लागतो, मग कराड, उंब्रज, सातारा. दोन तास म्हणतात, कराडात पुलाचं काम चाललंय त्यामुळं अडीच धरा. बायकांना अर्धं तिकीट, आधार कार्ड वर ठेवा, पिशवीच्या तळाशी नको. मी तळाशी ठेवलं होतं आणि वर विरजणाची डबी, सगळं उपसावं लागलं.

गाडीत पारू एका खिडकीला, मी दुसऱ्या. उंब्रजच्या पुढं पाऊस आला. पारू कंडक्टरला म्हणाली, "आवं, त्या पलीकडच्या बाईस्नी सांगा, काच लावा म्हणावं, हिकडं फवारा येतोय."

मी म्हटलं, "कंडक्टर, त्यांना सांगा, काच अडकलीय. जोर करायला माणूस लागतंय."

कंडक्टर बिचारा दोघींकडं बघत राहिला. "मावशी, एका गावच्या का तुमी?"

"एका घरच्या," पारू म्हणाली आणि उठून आली, धाडकन काच लावली आणि परत जाऊन बसली. हात मात्र जोरकस आहे तिचा, पहिल्यापासून.

साताऱ्याचा वर्ग एका कॉलेजात होता, राहायची सोय तिथल्याच मुलींच्या वसतिगृहात. खोली स्वच्छ, पाणी गरम, खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो, फक्त ढग अंगावर घेऊन बसलेला होता. मी चौथीपर्यंत शिकलेली, वर्गात बाकावर बसायला पन्नास-पंचावन्न वर्षांनी मिळालं. बाक तसाच, पाय तेवढे आता खाली टेकतात.

दोन माणसांत एक सूक्ष्मदर्शक. आणि जोड्या लावल्या गावाच्या नावानं. झालं! मी आणि पारू एका टेबलावर.

मेधाताईंनी दाखवलं तसं आम्ही काचेच्या पट्टीवर दह्याचा एक ठिपका पसरला, वाळवला, ज्योतीवरनं फिरवला, जांभळा रंग घातला, धुतला. आधी मी डोळा लावला. काही दिसेना, माझ्याच पापण्या दिसत होत्या. मग पारूनं ते चाक हळूहळू फिरवलं. आणि एकदम उमटलं की हो! बारीक मणी, एकापुढं एक, डोरल्यात ओवल्यासारखे. मधेमधे काड्या. जांभळ्या, सगळं जांभळं. मी किती वेळ बघत होते कोण जाणे.

"दिसतंय का काय?" पारूनं विचारलं. माघानंतरचं पहिलं बोलणं.

"मणी हायत," मी म्हटलं. "आणि काड्या."

"सरका मग. मला बी बगू द्या."

तेव्हापासून जंतूंपुरतं बोलणं सुरू झालं. "काडी मोठी का मणी?" "रंग जास्त झाला." एवढंच. जेवायला परत दोन टोकांना.

तार का सुटते ते मेधाताईंनी मला शेजारी बसवून विचारून विचारून काढलं. दूध कुठलं, भांडं कुठलं, घरात काय बदललं. बदललं काय? तर चैत्रात आम्ही नवं स्वयंपाकघर बांधलं. चूल गेली. आधी मी विरजणाचं पातेलं चुलीच्या वैलावर, बाजूच्या उबेच्या जागी ठेवायचे, राखेची ऊब रात्रभर. आता ते कडाप्प्यावर, थंडगार.

"मग बरोबर," मेधाताई म्हणाल्या. "या जंतूंतल्या काहींना थंडावा मिळाला की ते चिकटपणा धरतात. विरजण मेलेलं नाही आजी, त्याला फक्त गारठा लागलाय. दूध चांगलं उकळा, बोट सोसेल इतकं कोमट करा, चमचाभरच विरजण घाला आणि भांडं उबेत ठेवा. पंधरा दिवस सलग करा, मग बघा."

मला रडू येईल की काय वाटलं. एवढ्यासाठी मी ते टाकून देणार होते!

दुसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर राजवाड्याजवळ कंदी पेढे घेतले. माझा सल्ला, अर्धा किलो घ्या, पाव किलो गाडीतच संपतो. पोवई नाक्यावर मिसळ खाल्ली, तिखट असते, ताक मागवा. पारूनं पण पेढे घेतले. आणि घरी आल्यावर कळलं, पाव किलो मनीषाच्या हातात देऊन गेली. माझ्या नाही, मनीषाच्या. मी मनात नोंद केली, पण कारण कळलं नाही.

घरी आल्यावर ऊब कुठून आणायची? सुभेदारांचं फौजेतलं कांबळं पेटीत होतं, खाकी, जाड. पातेलं त्यात गुंडाळलं. सुभेदार म्हणाले, "हे कांबळं मी सरहद्दीवर पांघरलेलं हाय."

"मग ह्याला बी तुमच्यावानी कडकपणा यिऊ दे," मी म्हटलं.

पंधरा नाही, बाराव्या दिवशी तार बंद झाली. दही असं लागलं की चमचा उभा राहिला. मी मेधाताईंना फोटो पाठवला. त्यांनी लिहिलं, "आजी, हे सांगलीच्या प्रदर्शनात ठेवू या. घरोघरच्या विरजणांचं टेबल करतोय. मोठा डबा भरून आणा, लोकांना दिसायला हवं."

मार्गशीर्षात आम्ही सांगलीला गेलो. हा रस्ता सोपा, आष्ट्यावरून, सव्वा तास. दोन्ही बाजूंना ऊस, तोड चाललेली, ट्रॉल्यांच्या मागं लागलात की वेळ जातो, डोकं तापवून घेऊ नका. गणपतीचं देऊळ स्टँडपासून चालत जाण्यासारखं. आधी दर्शन घेतलं, मग घाटावर उभं राहून कृष्णा बघितली, आयर्विन पुलावरनं माणसं मुंग्यांसारखी चाललेली. आता पारू माझ्याच बाकावर बसत होती, पण मधे पिशवी ठेवून.

प्रदर्शन एका शाळेच्या हॉलमध्ये. बघण्यासारखं होतं हो! कृष्णेच्या पाण्याचा एक थेंब भिंतीवर मोठा करून दाखवलेला, त्यात काय काय पळत होतं. हळकुंडाची चकती, बेदाण्यावरची बुरशी, उसाच्या मुळाची माती. शाळेची पोरं रांगा लावून. आमचं टेबल दारासमोर, दोन जिल्ह्यांतल्या सात बायकांची सात विरजणं, पुढं प्रत्येकीच्या नावाची पाटी. माझ्या पाटीवर लिहिलेलं: "वाईकडून इस्लामपूरकडे, आईकडून लेकीकडे." मी तीनदा वाचलं.

उद्घाटनाला अजून दोन तास होते. हॉलमध्ये दिव्यांची धग, म्हणून मी डबा मागच्या स्वयंपाकघरात गार जागी ठेवला आणि माणसं बघत फिरले. इथं माझी चूक झाली, कबूल करते. डबा ठेवला, पण सांगितलं कुणालाच नाही.

आमच्याकडं पाहुणी रिकाम्या हातानं येत नाही. कुणी भाजी आणतं, कुणी शेंगा, कुणी दही. स्वयंपाकाच्या बायकांनी डबा बघितला, गावाकडचं घट्ट दही, त्यांना वाटलं उद्घाटनाआधीच्या पंगतीसाठी आणलंय. त्यांची पण चूक म्हणवत नाही मला. मी त्यांच्या जागी असते तर तेच केलं असतं.

पाटीमागं ठेवायला डबा आणायला गेले. डबा धुऊन पालथा घातलेला.

"आवं मावशी, तुमचं दही काय झ्याक हुतं!" त्यातली एक म्हणाली. "मठ्ठा केला बघा. कोथिंबीर, आलं, मिरची. पावण्यांनी दोन-दोन गलास घेतला."

मी डबा उचलून आत बघितलं. पारू मागं होती, तिनं दंडाला धरलं. मी म्हटलं, तळाशी काही असेल, भांड्याला लागलेलं असेल. नव्हतं. त्या बाईनं फार नीट घासलं होतं. मठ्ठ्याच्या पातेल्यात बघितलं, चूळ भरायलासुद्धा उरला नव्हता. मेधाताई धावत आल्या, त्यांचा चेहरा पांढरा पडलेला. मी विचारलं, "ताई, साताऱ्याच्या काचेवर होतं ना? त्यातनं परत उठवता येईल?"

त्यांनी माझा हात धरला. "नाही हो आजी. ज्योतीवरनं फिरवलं की ते मरतात. तेव्हाच थोडं जिवंत ठेवायला हवं होतं, मला सुचलं नाही."

तरी मला एक आधार होता. निघताना मी घरी फळीवर एक वाटी ठेवली होती, पुढच्यासाठी. मनीषा अंगणवाडीत कामाला जाते, पाचला येते, म्हणून सुभेदारांना फोन लावला.

"आवं, फळीवरची वाटी तेवढी हलवू नका."

"कसली वाटी?"

"दह्याची."

पलीकडं वर्तमानपत्र खडखडलं. मग म्हणाले, "ती व्हय. भाकरीबरोबर खाल्ली की."

"खाल्ली?"

"दही खायला असतं. रिपोर्ट खतम."

चाळीस वर्षांत हा माणूस स्वतःहून फळीला हात लावत नाही. पाण्याचा तांब्यासुद्धा हातात द्यावा लागतो. नेमका त्या दिवशी!

मग मी काय केलं? उभी राहिले. रिकामा डबा पाटीमागं ठेवला आणि माझ्या टेबलाशी उभी राहिले. लोक येत होते. "आजी, यात काय?" काही नाही, म्हटलं, यात माझ्या आईचं विरजण होतं, तुम्ही मघाशी मठ्ठा प्यालात ना, तेच ते. एक साहेब म्हणाले, "अहो, फार छान होता मठ्ठा!" काय बोलणार? म्हटलं, बरं झालं. आणि खरंच, चार वाजेपर्यंत मला थोडं बरंही वाटायला लागलं होतं. एवढ्या माणसांनी आईच्या हातचं खाल्लं. मग परत आठवायचं, आणि मी परत डब्यात डोकावायचे.

परतीच्या गाडीत पारूनं मधली पिशवी काढून मांडीवर घेतली. मिरजेकडचा भडंगाचा पुडा फोडून माझ्यापुढं धरला. आष्टा गेल्यावर म्हणाली, "आक्का, आपलं संपलं तर दुसऱ्याकडचं चालतंय का वो?"

"दुसऱ्याचं ते दुसऱ्याचं, पारू."

"तसं न्हवं. म्हंजे... ऱ्हाऊ द्या." आणि खिडकीबाहेर बघत बसली. मला वाटलं, तिला दया आलीय. त्याचाच राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात होते. ऊन कौलावर आलं होतं. पारू पुढच्या दाराशी आली, झाकलेला तांब्या घेऊन, आणि उंबऱ्याबाहेरच थांबली.

"दिवस उगावलाय बगा," ती म्हणाली. "चांगला कासराभर वर आलाय. आता घ्यायला हरकत न्हाई न्हवं?"

"काय हाय?"

"तुमचंच. म्हंजे तुमच्या आईचं."

मी तांब्याकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं. आतनं मनीषा आली आणि दाराच्या चौकटीत जीभ चावून उभी राहिली. तेव्हा सगळा उलगडा झाला. माघात त्या संध्याकाळी मी पुढच्या दारानं पारूला परत पाठवलं, आणि मी देवापाशी डोळे मिटून बसलेली असताना मनीषानं मागच्या दारानं वाटीभर विरजण तिला नेऊन दिलं. पेढे त्याचेच होते! आणि पारूनं ते तेव्हापासून रोज लावलं होतं. तिच्याकडं अजून चूल आहे. तिच्या दह्याला एक दिवस तार सुटली नाही.

"एवढे महिने बोलली न्हाईस?" मी म्हटलं.

"बोलले असते तर हिला शिव्या बसल्या असत्या. आणि तुमी टाकून दिलं असतं, तिन्हीसांजंचं म्हणून."

खरं सांगते, टाकलं असतं. मी तशीच आहे. या वेळी मात्र तांब्या आत नेला. मनीषाला म्हटलं, "चहा ठेव दोघींना. आणि दूध तापव." पारू उंबऱ्याच्या आत आली. माघापासून पहिल्यांदा.

फाल्गुनात वाईला परिषद. परिषद म्हणजे काय, तर लांबून लांबून लोक येतात, प्रत्येकजण आपण वर्षभर काय बघितलं ते सांगतो, बाकीचे शंका काढतात, मग सगळे मिळून जेवतात. आम्ही साताऱ्यात गाडी बदलली. पाचवडला हायवे सोडला की गारवा लागतो, शाल जवळ ठेवा. स्ट्रॉबेरी रस्त्यावर घ्या, पण खालचा थर हलवून बघून घ्या. ढोल्या गणपती, घाट, पायऱ्यांवर वाळत घातलेली धुणी. मी त्या पायऱ्यांवर लहानपणी बसले आहे, पण पारूला मी सगळं पहिल्यांदाच बघते असं दाखवत होते, कारण ती भरभरून दाखवत होती मला.

मला पाच मिनिटं दिली होती. मी कागद नेला होता, वाचलाच नाही. चुलीचं सांगितलं, कांबळ्याचं सांगितलं, मठ्ठ्याचं सांगितलं. मठ्ठ्याला सगळे हसले, सांगलीचे लोक जरा खाली बघून हसले. सुभेदारांचं सांगितलं तेव्हा पहिल्या रांगेतले एक म्हातारे प्रोफेसर हसता हसता डोळे पुसायला लागले. मग त्यांनीच विचारलं, "आता जे आहे ते तेच विरजण, याची खात्री काय?"

मी पारूकडं बोट दाखवलं. "ही उभी हाय की."

पारू उभी राहिली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "आमी दोन चुलींवर एकच दही खातो."

मेधाताईंनी आमच्या डबीतलं भिंगाखाली बघितलं. मणी, काड्या, सगळं साताऱ्यासारखं. पण त्या खोटं बोलणाऱ्या नाहीत. म्हणाल्या, "दिसायला सारखं आहे, आजी. पण दिसण्यावरून तेच आहे असं मला म्हणता येणार नाही. घरून ताजा नमुना आमच्या निर्जंतुक बाटलीत घेऊन पुण्याला पाठवायला हवा. तिथं तपासतील, आणि थंड पेटीत जपूनही ठेवतील. मग कुणी खाल्लं तरी भीती नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हं आल्यावर आम्ही दोघी माझ्या माहेरी गेलो. भाऊ नाही आता, वहिनी आहे. तिच्या घरातसुद्धा दह्याची कपं! म्हणाली, "वन्स, सासूबाईंचं विरजण कधीच तुटलं, कोण करत बसतंय?" पारूनं पिशवीतली डबी काढली आणि माझ्या हातात न देता सरळ वहिनीच्या हातात दिली. "घ्या. उबेला ठेवा." वहिनीनं चमचाभर तोंडात घातलं, आणि उठून दूध तापत ठेवलं.

त्यानंतर चारच दिवसांनी मेधाताई आणि मंडळाचे दोघे जीप घेऊन आमच्याकडं यायचे होते, दुपारी तीनला. पेठ नाक्यापासून उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता तुंबलेला. पोचले तेव्हा गुरं परत आलेली आणि मी वात वळत होते.

"आजी, फक्त पाच मिनिटं," मेधाताई म्हणाल्या. बर्फाची पेटी उघडी, बाटल्या हातात. "रात्रीच पुण्याला पाठवायचंय, माणूस थांबलाय. एक चमचा तुमचं, एक चमचा पारूताईंचं."

मी देवघराकडं बघितलं. पारू तिचा तांब्या घेऊन दारात. ती माझ्याकडं बघत होती. सुभेदार पण वर्तमानपत्र खाली करून बघत होते. एकीकडं आईनं घालून दिलेली रीत, दुसरीकडं आईचंच विरजण. न दिलं तर परत एखादी भाकरी, एखादं मांजर, आणि संपलं. दिलं, तर मग माघात पारूला का परत पाठवलं?

"ताई," मी म्हटलं, "दिवे लागायची वेळ झाली. माझ्या हातनं आता काही जायचं न्हाई."

मेधाताईंचा चेहरा उतरला. पण शहाण्या आहेत, वाद घातला नाही. बाटल्या परत ठेवायला लागल्या.

मग मी मनीषाला हाक मारली, जरा मोठ्यानंच. "मनीषा, मी आता देवापाशी बसतीया. डोळं मिटून. मागच्या दारानं कोण येतंय, काय नेतंय, मला काय दिसत न्हाई."

पारू हसली. असं हसली की तांब्यावरचं झाकण वाजलं. आणि मी वात लावून डोळे मिटले. मागं बाटल्यांची बुचं वाजत होती, तीसुद्धा मी ऐकली नाहीत.

हे सगळं लिहायला घेतलं ते कुणाला जायचं असेल तर उपयोग व्हावा म्हणून. वर्गाला जा, प्रदर्शनाला जा, परिषदेला जा, शिक्षण कमी म्हणून बुजू नका, भिंगाला चौथी-पदवी कळत नाही. डब्यावर नाव लिहा, आणि नावापुढं "खाऊ नये" असंही लिहा. मला काय मिळालं विचाराल, तर दह्याच्या एका ठिपक्यात मण्यांची माळ दिसली, आणि रोज सकाळी पारू चहाला येते. पुढच्या दारानं.

मंडळाचा नव्या वर्षाचा कागद चुलीच्या जुन्या जागी भिंतीवर लावलाय. पुण्याचा निकाल घेऊन पाहुणे परत येणार आहेत, गुढीपाडव्यानंतरच्या पहिल्या रविवारी. त्या दिवसावर मी हळदीचं बोट लावून ठेवलंय. जाताना मेधाताईंनी जीपमधून ओरडून सांगितलं, "आजी, पुढच्या वेळी सकाळी येतो!"